आईच्या नावाचं चलान

माझ्या आईच्या नावाने चलान आलं, तेव्हा तिला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

'घाटमार्ग, पिंपळाचं वळण. मधली रेषा ओलांडून विरुद्ध बाजूला जाणे. चालक : रोहिणी विश्वास शेडगे. मान्य असल्यास दंड भरा. अमान्य असल्यास हरकत नोंदवा.'

आईचा फोन पप्पा अजून रोज चार्जिंगला लावतात, देव्हाऱ्याच्या बाजूच्या प्लगला. त्यावरच हा मेसेज आला. मी वाचला आणि खरं सांगते, आधी हसले. चांगली खो खो.

"पप्पा! अहो, आईला चलान आलंय! आता वसुलीला वर माणूस पाठवणार वाटतं!"

पप्पा नुकतेच दुकानातून आले होते. साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानात ते खवा भाजतात, त्यामुळे ते घरात शिरले की आधी वास शिरतो आणि मग पप्पा. त्यांनी फोन हातात घेतला, वाचला आणि खुर्चीत न बसता खाली जमिनीवरच बसले.

"भरून टाक," ते म्हणाले.

"काय?"

"दंड गं. भरून टाक आन् मिटव."

"आई नाहीये, पप्पा! नसलेल्या माणसाचा दंड आपण का भरायचा? मी हरकत घेणार."

"मिनू, नको. ऑफिसात कोण जाणार, कोण बोलणार तिथं?"

"मी!"

आणि हे 'मी' मी इतक्या जोरात म्हटलं, की शेजारच्या घाडगेकाकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय गं, काय झालं?" सांगायला हवं, की नववीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. पण आई गेल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, शाळेच्या स्पर्धेत रस्ते अपघातांवर बोलायला उभी राहिले आणि बोलतच सुटले. आईबद्दल, त्या वळणाबद्दल, समोरून आलेल्या भाजीच्या टेम्पोबद्दल. सगळं सभागृह रडलं. पुढे जिल्ह्याची ढाल मिळाली. आता मी अकरावीत आहे आणि मला कुणाशीही वाद घालता येतो. मग एका यंत्राशी का नाही घालायचा?

पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. आईचं नाव अचानक समोर आलं म्हणून असेल, असं मला वाटलं.

*

हे यंत्र काय आहे ते सांगते, कारण मी त्यावर चार दिवस भरपूर वाचलं. वाद घालायचा तर समोरच्याची बाजू आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहीत पाहिजे.

आमच्या घाटात दरडी कोसळतात. त्याची आगाऊ सूचना मिळावी म्हणून रस्त्याच्या पोटात काचेची तार घातली, केसाएवढी बारीक. तिच्यातून प्रकाशाचे ठोके सोडतात. तार सगळीकडे सारखी असली तरी काचेत सूक्ष्म कण असतातच, त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागे येतो. वरची जमीन जराशी जरी दबली किंवा थरथरली, की तार तेवढीशी ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे अख्खा घाट एका लांबलचक कानासारखा ऐकत पडलेला असतो.

आता कान म्हटला की नको तेही ऐकणारच. डोंगराबरोबर त्या तारेला प्रत्येक चाक ऐकू यायला लागलं. मग कुणीतरी हुशार माणसाने त्यातून गाडी वजा केली. गाडीचं वजन, इंजिनाची घरघर, टायर, सगळं गणिताने काढून टाकलं, तर खाली काय उरतं? माणूस! तो ब्रेक कधी दाबतो, हळूहळू की एकदम. वळणाच्या आधी कुठे कलतो. चढावर कुठे रेस वाढवतो. दोन माणसांचं अक्षर जसं सारखं नसतं तसं हेही नसतं. त्याला चालखूण म्हणतात. लायसन्स काढताना किंवा नवं करताना ऑफिसच्या मैदानात गाडी फिरवून आपली चालखूण नोंदवावी लागते.

खोट्या नंबरप्लेटांमुळे कॅमेऱ्याची चलानं वाया जायची, आणि लोकांचे चेहरे टिपण्यावरून कोर्टात भांडणं झाली ती वेगळीच. म्हणून घाटातले कॅमेरे काढले. आता चलान गाडीला येत नाही, चालवणाऱ्याला येतं. नोंद नसलेला कुणी असेल तर यंत्र 'अनोळखी' म्हणून सोडून देतं.

आणि ह्या एवढ्या शहाण्या यंत्राने माझ्या आईचं नाव घेतलं होतं! मला चूक सापडली होती. मी अक्षरशः नाचत होते.

*

तपासणी कक्षात मुजावर मॅडम होत्या. खाकी गणवेश, नाकात चमकी, टेबलावर अर्धवट सोललेलं संत्रं. मी उभी राहिले आणि सुरू झाले.

"आदरणीय मॅडम, आपलं यंत्र असं सांगतं, की जी व्यक्ती ह्या जगात नाही तिने..."

"बस बाळ, बस," मॅडम म्हणाल्या. "भाषण कशाला? मृत्यूचा दाखला आणलायस ना? झालं मग. चलान रद्द."

मला इतका राग आला! मी अजून तीन मुद्दे तयार करून नेले होते.

"फक्त एक आहे," मॅडमनी संत्र्याची फोड माझ्यापुढे केली. "हरकत मान्य केली की त्या चालखुणेची नोंद मिटवायची असते. मयत व्यक्तीची नोंद ठेवता येत नाही. ते तुम्ही तेव्हाच कळवायला पाहिजे होतं. आणि गाडी कुणीतरी चालवली ना त्या दिवशी? ते कोण, हेही बघावं लागणार."

"बघा की!" मी म्हटलं.

पप्पा माझ्या मागे बसले होते. "मॅडम," ते म्हणाले, "आमी दंड भरतो. हरकत मागं घेतो."

"पप्पा, तुम्ही गप्प बसा हो!"

मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. घाटाचा नकाशा होता, त्यावरून एक निळी रेघ वर चढत होती. तिच्या जाडीवरून वेग कळत होता, रंगावरून ब्रेक. मला त्यातलं काही कळायची गरजच पडली नाही. पहिल्या वळणाआधी रेघ जरा बारीक झाली, थांबल्यासारखी, आणि मग सुळकन निघाली. तिथे शनीचं देऊळ आहे. आई तिथे हँडलवरचा एक हात उचलून छातीला लावायची. पुढे शाळेसमोर रेघ पुन्हा बारीक. पुढच्या चढावर आधीच जाड, कारण आई म्हणायची, चढ दिसायच्या आधीच गाडीला सांगून ठेवायचं.

"ही आईच आहे," मी म्हटलं. मी स्वतः, हरकत घेणारी! "मॅडम, हे जुनं असेल. तारीख चुकली असेल."

"तारीख बरोबर आहे. आणि हे एकदाच झालेलं नाही." मॅडमनी अजून रेघा काढल्या. एकावर एक. "दर रविवारी सकाळी. वर जाते, खाली येते. ह्या वेळी रेषा जास्त ओलांडली म्हणून चलान निघालं."

रविवारी सकाळी माझा वादविवादाचा वर्ग असतो.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. मला वाटलं, आई आहे. कुठेतरी आहे, घाटात आहे, रविवारी फिरते. एवढं विज्ञान वाचून! एका क्षणासाठी मी इतकी खूश झाले की माझ्या घशातून आवाज निघाला.

आणि मागून पप्पा म्हणाले, "मी होतो."

*

माझ्या पप्पांना गाडी येत नाही. हे आमच्या घरातलं सगळ्यांत पक्कं सत्य होतं. लहानपणी सायकलवरून विहिरीच्या कठड्याला धडकले होते, तेव्हापासून हँडलला हात लावला नाही. आई चालवायची, पप्पा मागे बसायचे. अख्खी पेठ चिडवायची, "काय विश्वासराव, निघाली का वरात?" आई आरोग्यसेविका होती, घाटावरच्या गावांना लसी द्यायला जायची. दुकानाला सुट्टी असली की पप्पाही सोबत जायचे. मांडीवर लसीचा डबा धरायचे, आईच्या पाठीला टेकून.

"मी शिकलो न्हाई मॅडम," पप्पा सांगत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. "अपघातानंतर तिची गाडी दुरुस्त होऊन दुकानामागच्या शेडात पडून होती. एक दिवस नुसता बसलो तिच्यावर. मग चालू केली. भीती वाटली न्हाई. आजपर्यंत जसा मागं बसायचो तसाच बसलो, ती जिकडं कलायची तिकडं कललो. गाडी जाती की आपोआप."

"आणि लोकांनी ओळखलं नाही?" मॅडमनी विचारलं.

पप्पांचे कान लाल झाले. "तिचा सनकोट घालतो. स्कार्फ बांधतो. वर हेल्मेट. वरच्या गावातल्या बायका हात करत्यात. मीबी करतो."

मला हसू फुटलं. पप्पा, आईच्या फुलाफुलांच्या सनकोटात, बायकांना हात करतायत! मी हसत होते आणि माझा रुमाल सगळा भिजला होता. मॅडमही हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कशासाठी हो पप्पा?" मी विचारलं.

"पुढं ती बसलीय असं वाटतं," पप्पा म्हणाले. "तेवढा वेळ."

मॅडमनी पडद्यावर एक वळण मोठं केलं. मग म्हणाल्या, "शेडगे, पिंपळाच्या वळणावर तुम्ही उजवीकडे का जाता?"

"ती जायची."

"का जायची?"

"तिथं खड्डा आहे की डाव्या अंगाला. भला मोठा. गाडी आपटली तर लसीच्या बाटल्या फुटतील म्हणून ती उजवीकडून घ्यायची."

मॅडमनी रस्त्याचा आलेख काढला. तार रस्त्यालाही ऐकते, खड्ड्यांसकट. "हा बघा. इथे रस्ता सपाट आहे. खड्डा तुमच्या मिसेस जायच्या कितीतरी आधी बुजवलाय. डांबर पडलंय, त्यावर पुन्हा एक थर पडलाय."

"असं कसं?" पप्पा म्हणाले. "मी दर रविवारी चुकवतो तो."

वर पंखा फिरत होता. मला एकदम कळलं आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं. माझा आवाज नववीतल्यासारखा झाला होता. "त्या दिवशीची पण नोंद असेल ना? आई गेली त्या दिवशीची?"

"आहे. पण बघायलाच पाहिजे असं नाही, बाळ."

"दाखवा."

रेघ आली. शनीचं देऊळ, शाळा, चढ. आणि पिंपळाच्या वळणावर, अगदी सवयीने, प्रेमाने म्हणावं इतक्या हलकेच, ती उजवीकडे गेली. पांढरी रेषा ओलांडून. समोरून दुसरी एक रेघ येत होती, टेम्पोची. ती तिच्या स्वतःच्या बाजूला होती.

त्या टेम्पोवाल्याला मी भर सभागृहात खुनी म्हटलं होतं. त्याचं लायसन्स अजून जप्त आहे. मी पडद्यावर त्याची रेघ बोटाने मागेपुढे करून पाहिली, कुठे तरी चूक सापडेल म्हणून. ती शेवटपर्यंत सरळ होती. त्याने ब्रेकसुद्धा वेळेवर दाबला होता.

*

मॅडम उठल्या. "नियम सांगते. तुम्ही चलान मान्य केलंत, दंड भरलात, तर माझ्यापुरती फाइल बंद. नोंद आहे तशी राहील, कारण मान्य केलेलं चलान मी उकरत नाही. हरकत कायम ठेवलीत, तर रोहिणीताईंची चालखूण मिटेल. शेडगेंना विनालायसन्सचा दंड होईल आणि शिकून घेतल्याशिवाय गाडीला हात लावता येणार नाही. शिकवणारं यंत्र आधी जुनी सवय काढतं. सगळी. चांगली, वाईट असं त्याला कळत नाही." त्यांनी संत्र्याची सालं गोळा केली. "मी चहा सांगून येते. तोवर ठरवा."

मला त्या बाईंचा इतका राग आला आणि इतक्या त्या आवडल्या!

"भरू या गं," पप्पा लगेच म्हणाले. "मिनू, भरू या. कुठं तरी नाव ऱ्हाईल तिचं. रविवारची तेवढी ती..."

आणि मलाही तेच पाहिजे होतं! तेच. निळी रेघ देवळापाशी बारीक होते, हे जगात कुठेतरी लिहिलेलं असावं. फोटो आहेत आमच्याकडे, पण फोटोत आई कॅमेऱ्यासाठी हसते. ही रेघ कुणासाठी नव्हती. ही नुसती आई होती. मी हो म्हणणारच होते.

"तुम्ही सावकाश जाल ना पण?" मी विचारलं. "त्या वळणावर?"

"सावकाशच जातो. तिथं तर मी डोळेच मिटतो."

"काय?"

"आधीपासून. खाली दरी दिसती ना. मागं बसलो की त्या वळणाला डोळं मिटायचो आन् तिला घट्ट धरायचो. ती सवय..." पप्पा थांबले. त्यांना स्वतःलाही बहुतेक तेव्हाच ऐकू आलं.

एवढी वादविवादात पहिली आलेली मुलगी, पण मला एक मुद्दा सुचला नाही. मी त्यांच्या समोर खाली बसले, त्यांचे दोन्ही हात धरले, भट्टीने खरखरीत झालेले, आणि म्हटलं, "पप्पा, एखाद्या रविवारी मी वर्गातून घरी येईन. कुलूप उघडेन. मग कुणाची वाट बघू?"

चहा आला. तो गार झाल्यावर पप्पांनी मॅडमच्या पडद्यावर अंगठा टेकवला. हरकत कायम. पडदा एकदा पांढरा झाला आणि तिथे 'नोंद उपलब्ध नाही' असं आलं.

त्या आठवड्यात पप्पांच्या नावाने त्यांचं आयुष्यातलं पहिलं चलान आलं. ते त्यांनी भरलं. अपघाताच्या दिवसाची नोंद मॅडमनी मिटवण्याआधी वेगळी काढून ठेवली होती, आजवर ती कुणी मागितलीच नव्हती; ती टेम्पोवाल्याच्या वकिलाला द्यायला आमची हरकत नाही, असंही आम्ही लिहून दिलं. त्याच्या घरी गेलो तेव्हा तो दाराशी आला, पण आत या म्हणाला नाही. मी सगळं पाठ करून गेले होते. "काका, चूक तुमची नव्हती," एवढंच बोलता आलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, पोरी. कुणी ऐकत नव्हतं." ते भाषण मी पुन्हा केलं नाही.

*

शिकवणीचं मैदान बायपासला आहे. तिथली गाडी स्वतःच बोलते. "डावीकडे ठेवा. उशिरा कललात. दोन्ही ब्रेक एकत्र दाबा." पप्पा घामाघूम व्हायचे. आईसारखं न चालवायचं म्हटल्यावर त्यांना खरोखरच गाडी येत नव्हती! चार वेळा पडले. कुंपणाबाहेरून मी ओरडायचे, "वा विश्वासराव!" आणि रिक्षावाले हसायचे. मी मुद्दाम जास्तच ओरडायचे. कारण मला दिसत होतं. पहिल्या दिवशी वळण घेताना पप्पांचे खांदे आईचे होते. काही दिवसांनी उजवा तेवढा राहिला. मग तोही गेला. एका संध्याकाळी एक बुटका, पोट सुटलेला माणूस मैदानात बिनचूक चकरा मारत होता आणि त्याच्यात माझ्या ओळखीचं काही नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या.

पक्कं लायसन्स मिळालं त्या रविवारी पप्पा म्हणाले, "चल." मी वर्ग बुडवला.

सनकोट घरीच राहिला. पप्पा पुढे, मी मागे. आम्ही घाट चढायला लागलो. शनीच्या देवळापाशी गाडीचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही. मीच मागे छातीला हात लावला. शाळा गेली. चढ आला, तेव्हा गाडी आधी गुरगुरली आणि मग पप्पांनी रेस वाढवली. नवशिक्यासारखी.

पिंपळ दिसला. मी आरशात बघितलं. पप्पांचे डोळे उघडे होते, टक्क उघडे, आणि त्यांतून पाणी येत होतं. त्यांनी गाडी डावीकडे ठेवली. मी नकळत अंग आवळून घेतलं, दात दाबून धरले, जणू आता आपटणार.

काहीच झालं नाही. गुळगुळीत डांबर होतं. समोरून एक दुधाची गाडी आली आणि तिच्या बाजूने निघून गेली.

वळण संपल्यावर पप्पांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर दिला, स्टँड लावला, सगळं नियमाने. मग चालत मागे गेले, पिंपळापर्यंत, आणि रस्त्याच्या डाव्या कडेला उकिडवे बसून त्यांनी डांबरावर हात फिरवला. इकडून तिकडे. पेढ्याची परात पुसताना फिरवतात तसा.

"मिनू," ते म्हणाले, "चांगला बुजवलाय गं. कळतसुद्धा न्हाई कुठं होता."

मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"तिला कुणी तरी सांगायला पाहिजे होतं," पप्पा म्हणाले. "मी एवढा मागं बसायचो. डोळं उघडं ठेवलं असतं, तर मला दिसलं असतं."

खालून एसटीचा हॉर्न आला. मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला, दगडी कठड्याला चिकटून उभे राहिलो, ती जाईपर्यंत.